नवी बांधकामे बंद करा, पण कोणाची?

महानगरपालिकेची निवडणूक आली की वॉर्डावॉर्डात आश्वासनांचा पाऊस पडतो. नळ देऊ, गटार बांधू, समाजमंदिराला पत्रे घालू, ही आश्वासने आपल्या कानांना सवयीची झाली आहेत. मुंबई-ठाणे पट्ट्यात मात्र गेल्या काही वर्षांत एक वेगळीच घोषणा ऐकू येते. "मला निवडून द्या, या भागात एकही नवी इमारत उभी राहू देणार नाही!" असे एखादा उमेदवार छातीठोकपणे सांगतो आणि समोर बसलेले लोक टाळ्या वाजवतात. आपल्या वस्तीतले लोकही त्या टाळ्यांत सामील होतात. पाण्यासाठी पहाटे चार वाजता उठणाऱ्या आणि लोकलच्या दारात लोंबकळत कामावर जाणाऱ्या माणसाला ही घोषणा आपलीच वाटते. "आधीच एवढी गर्दी, आणखी कशाला?" हा त्याचा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे.

पण टाळी वाजवण्यापूर्वी या घोषणेचा जमाखर्च मांडून पाहिला पाहिजे. बंदीचा फायदा कोणाच्या खात्यात जमा होतो आणि किंमत कोणाच्या नावे पडते, हे पाहिल्याशिवाय मत देणे म्हणजे न वाचता कागदावर अंगठा उठवणे होय. आणि अंगठा उठवण्याचे दिवस आपल्या समाजाने कधीच मागे टाकले आहेत.

मागणीत तथ्य आहे

प्रथम हे मान्य केले पाहिजे की नव्या बांधकामावर मर्यादा घाला ही मागणी वेडगळ नाही. न्यायालयांनीही ती उचलून धरली आहे. कचऱ्याची शास्त्रशुद्ध विल्हेवाट लावत नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१५ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत नव्या बांधकामांना परवानगी देण्यास मनाई केली. ती सुमारे वर्षभर चालली. फेब्रुवारी २०१६ मध्ये याच कारणावरून खुद्द मुंबईतील नव्या बांधकामांवर निर्बंध आले. पुढे मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी, ते शिथिल केले. २०१७ मध्ये ठाण्याच्या घोडबंदर रोडचा प्रश्न आला. तिथे टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या, पण त्यांना द्यायला पाणी नाही, म्हणून न्यायालयाला नव्या परवानग्या रोखाव्या लागल्या.

मुंबईतील निर्बंधाच्या वेळी देवनारचे कचऱ्याचे डोंगर चर्चेत होते. हे डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागली आणि दिवसेंदिवस धुराने शहर झाकोळले, तेव्हा कुठे मलबार हिलपासून पवईपर्यंतच्या लोकांना देवनार आठवले. शिवाजीनगर, बैंगनवाडी, गोवंडीच्या लोकांनी तो धूर पिढ्यान्‌पिढ्या छातीत भरून घेतला आहे. ही वस्ती कोणाची? बौद्ध, मातंग, मुसलमान आणि दुष्काळात गाव सोडून आलेल्या कष्टकऱ्यांची! मुंबईच्या २००९ सालच्या मानव विकास अहवालात हा एम पूर्व वॉर्ड शहरातील सर्व वॉर्डांत शेवटच्या क्रमांकावर होता.

तेव्हा शहराची क्षमता संपत आली आहे, असे उमेदवार म्हणतो ते खोटे नाही. मात्र ती कोणामुळे संपली आणि तिचा त्रास आजवर कोणी सोसला, हे तो सांगत नाही.

पाण्याचा हिशेब

"पाणीच नाही तर नवी माणसे कशाला?" हा या घोषणेचा मुख्य आधार. आता हिशेब करू. मुंबई महापालिका रोज सुमारे ३९० कोटी लिटर पाणी शहराला पुरवते. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १ कोटी २४ लाख ४२ हजार ३७३ होती. भागाकार केला तर माणशी रोज तीनशे लिटरहून अधिक पाणी होते. त्यानंतर वस्ती वाढली, कारखान्यांना पाणी लागते, गळती होते, चोरी होते, हे सारे धरून निम्मे पाणी वजा केले तरी माणशी दीडशे लिटरच्या वर उरते. शहरी माणसाला रोज १३५ लिटर पाणी मिळावे, असे शासकीय मानक आहे. म्हणजे सरासरीने पाहता पाणी पुरेसे आहे.

मग आपल्या वस्तीत हंड्यांची रांग का? कारण वाटपाचे मापच वेगळे आहे. झोपडपट्टीसाठी महापालिकेने माणशी ४५ लिटर हे माप धरले. पाच माणसांच्या कुटुंबाला इमारतीत ६७५ लिटर आणि झोपडीत २२५ लिटर! तहान सारखीच, माप मात्र तिसरा हिस्सा. हा चातुर्वर्ण्याचा पाणवठा नव्हे तर काय? २००० सालानंतरच्या झोपड्यांना तर कायदेशीर नळच द्यायचा नाही, अशी भूमिका होती. त्याविरुद्ध पाणी हक्क समिती न्यायालयात गेली. डिसेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, झोपडी बेकायदेशीर आहे म्हणून माणसाचे पाणी तोडता येणार नाही.

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालचा. म्हणजे ज्या वर्षी बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी उचलून माणुसकीचा हक्क बजावला, त्याच वर्षी देवनारचे डम्पिंग ग्राउंड सुरू झाले. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी आपल्या माणसांना पाण्यासाठी पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागली, ही गोष्ट महिला मंडळाच्या प्रत्येक भगिनीने लक्षात ठेवावी. पाण्याचा हंडा बहुधा तिच्याच डोक्यावर असतो.

शेवटी आलेल्यांवर कुऱ्हाड

"आता बस्स, यापुढे कोणी नको," असा नियम वरवर सर्वांना सारखा दिसतो. प्रत्यक्षात तो फक्त शेवटी आलेल्याला लागू होतो. आणि या शहरात शेवटी कोण आले? ज्यांच्याकडे गावात जमीन होती, व्यापार होता, शिक्षण होते, ते आधी आले. त्यांनी गावठाण, बाजारपेठ, चांगल्या वसाहती धरल्या. आपले वाडवडील गावकीची कामे, वेठबिगार आणि महारवाड्याचा जाच सोडून आले, ते गोदीत, गिरणीत, रेल्वेत, सफाई खात्यात. गिरणीतसुद्धा विणकाम खात्यात त्यांना जागा नव्हती, कारण धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने विटाळ होई! १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला होता.

तरीही आपले लोक शहर सोडून गेले नाहीत. खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना बाबासाहेबांनी संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी खडे बोल सुनावले, त्यामागे हाच अनुभव होता. खेड्यात माणूस जातीने ओळखला जातो. शहरात निदान गर्दीत मिसळून तो ताठ मानेने चालू शकतो, मुलाला शाळेत घालू शकतो. संविधानाच्या कलम १९ मध्ये भारताच्या कोणत्याही भागात राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे, तो आपल्यासाठी शोभेची वस्तू नाही. ज्याला गावात परत जाण्यासारखे काही नाही, त्याच्यासाठी शहराचे दार हेच मुक्तीचे दार आहे.

क्षणभर असा विचार करा. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने कामगारांसाठी चाळी बांधल्या. परळच्या पोयबावडीतील अशाच एका चाळीच्या दोन खोल्यांत बाबासाहेबांचे कुटुंब राहिले. "आता नवी बांधकामे पुरे" असे त्या वेळी शहराने म्हटले असते, तर सुभेदार रामजींनी आपला बिऱ्हाडबाजला कुठे नेला असता? त्या चाळीतल्या खोलीत रात्र रात्र जागून झालेला अभ्यास कुठे झाला असता?

शहराचे दार बंद करण्याची भाषा आपल्याला नवी नाही. झोपडीवासीयांसाठी ती 'कट ऑफ डेट' म्हणून आली. १९७६ ला झोपड्यांची गणना झाली आणि फोटोपास मिळाले. मग तारखा बदलत गेल्या. १९८०, १९८५, १ जानेवारी १९९५, १ जानेवारी २०००, आणि त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून घर. तारखेच्या आदल्या दिवशी आलेला पात्र आणि दुसऱ्या दिवशी आलेला अपात्र! १० जुलै १९८५ रोजी ऑल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कात सामावलेला आहे, असे सांगितले. तरी प्रत्यक्षात रेशनकार्ड आणि वीजबिलाच्या कागदावरच माणसाचे माणूसपण ठरत राहिले.

टंचाई आणि आडनाव

वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल की मागणी तीच राहिली आणि पुरवठा थांबला की भाव चढतो. नवी घरे बंद झाली म्हणजे ज्याच्याकडे आधीच फ्लॅट आहे त्याच्या फ्लॅटची किंमत घरबसल्या वाढते. बंदीच्या घोषणेला सर्वांत मोठी टाळी कोणाची पडते, हे यावरून ओळखावे.

पण आपल्याला भाववाढीपेक्षाही मोठा धोका आहे. घरे मुबलक असतील तर घरमालक भाडेकरूच्या मागे लागतो. घरे कमी असतील तर भाडेकरू घरमालकाच्या मागे लागतात आणि मग घरमालक निवड करू लागतो. "आडनाव काय?" "गाव कोणते?" "मटण-मच्छी खाता का?" बँकेत, शासकीय कार्यालयात चांगल्या पगारावर असलेल्या आपल्या कितीतरी तरुणांना हे प्रश्न ऐकून जिना उतरावा लागला आहे. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, संस्थेला आपले सभासदत्व एका समाजापुरते ठेवता येते, असा निकाल दिला. म्हणजे खाजगी दार बंद करायला कायद्याची मोठी आडकाठी नाही.

अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ मध्ये बडोद्यात राहायला जागा मिळाली नव्हती. पारशांच्या पथिकाश्रमातून त्यांना लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. पदवी होती, नोकरी होती, पैसे होते. दार मात्र उघडले नाही. टंचाई वाढली की बडोद्याचा तो दिवस गल्लोगल्ली पुन्हा उगवतो.

सातासमुद्रापलीकडचा धडा

गावाला मर्यादा घालण्याच्या नावाखाली नको असलेली माणसे बाहेर ठेवण्याचा प्रकार अमेरिकेतही घडला आहे. बाबासाहेब ज्या न्यूयॉर्क शहरात शिकले, त्याच्या शेजारच्या न्यू जर्सी राज्यात माउंट लॉरेल नावाचे गाव आहे. तिथे काळ्या लोकांची काही कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेतमजुरी करत आली होती. गाव वाढू लागले, पण नियम असा केला की मोठ्या भूखंडावर एका कुटुंबाचे एक स्वतंत्र घर एवढीच परवानगी. नियमात 'काळा' हा शब्द कुठेही नव्हता. मात्र गरीब काळ्या माणसाला तसे घर परवडणारच नव्हते!

एथेल लॉरेन्स या तिथल्या काळ्या शिक्षिका. त्यांनी व त्यांच्या शेजाऱ्यांनी ३६ स्वस्त सदनिकांची योजना मांडली. १९७० मध्ये महापौराने काळ्यांच्या चर्चमध्ये येऊन सांगितले की ज्यांना इथे राहणे परवडत नाही त्यांनी गाव सोडावे. लॉरेन्सबाई कोर्टात गेल्या. १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वाढत्या गावाने गरिबांच्या घरांचा आपला न्याय्य वाटा उचललाच पाहिजे. गाव तरी हटेना, तेव्हा १९८३ मध्ये न्यायालयाने आणखी कडक निकाल दिला. लॉरेन्सबाई १९९४ मध्ये वारल्या. प्रत्यक्ष घरे उभी राहायला २००० साल उजाडले. त्या वसाहतीला त्यांचेच नाव दिले आहे. पुढे अभ्यासकांनी तपासले, तेव्हा या घरांमुळे शेजारच्या घरांची किंमत घसरली नाही आणि गुन्हेही वाढले नाहीत. ज्या भीतीपोटी तीस वर्षे विरोध झाला, ती भीतीच खोटी निघाली.

'न्याय्य वाटा' हे दोन शब्द आपण तिथून घेण्यासारखे आहेत.

बंदी कोणाला लागत नाही?

आपल्याकडे मर्यादेचे नियम नव्हते असे नाही. गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन मुंबईच्या मध्यभागी होती. १९९१ च्या विकास नियमावलीत तिची तीन भागांत वाटणी ठरली. एक भाग मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकासाठी. ही खरीखुरी मर्यादा होती. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. मैदान आणि कामगारांची घरे आकसली, मॉल आणि टॉवर वाढले. श्रीमंतावरची मर्यादा कागदावरच्या एका दुरुस्तीने उठते, हे लक्षात घ्या.

दुसऱ्या बाजूला, परवानगी बंद झाली म्हणून घराची गरज बंद होत नाही. मुलाचे लग्न होते, दहा बाय पंधराच्या खोलीत दोन संसार मावत नाहीत आणि नवे जोडपे बदलापूर, टिटवाळा, वांगणीच्या पुढे जाते. सूनबाईची नोकरी परळला आणि घर वांगणीला, म्हणजे पहाटेची लोकल आणि रात्रीचा स्वयंपाक. ज्यांना तेही जमत नाही ते बेकायदेशीर इमारतीत घर घेतात. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शिळ येथे लकी कंपाउंडमधील बेकायदेशीर इमारत कोसळून ७४ माणसे मेली. ती इमारत काही महिन्यांतच उभी केली होती. डोंबिवली परिसरात खोट्या परवानग्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण उघडकीस आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. बांधणारे मोकळे राहतात. हातोडा पडतो तो कर्ज काढून, दागिने मोडून घर घेणाऱ्याच्या डोक्यावर!

याच शहरात २०११ च्या जनगणनेत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी आढळली होती. एकीकडे घराला माणूस नाही, दुसरीकडे माणसाला घर नाही. तेव्हा उमेदवाराला विचारायचे ते एवढेच की, नवे घर कोणासाठी आणि कोणत्या दरात?

तीन प्रश्न विचारा

याचा अर्थ बिल्डरांना मोकळे रान द्यावे, असा मुळीच नाही. मैदाने, खाडी, डोंगर वाचलेच पाहिजेत. पाण्याची सोय होईपर्यंत आलिशान टॉवर थांबवले तर आपण त्याचे स्वागतच करू. संविधानही सार्वजनिक हितासाठी वाजवी निर्बंध घालू देते. मात्र निर्बंध वाजवी आहे की नाही, हे तपासायला उमेदवाराला तीन प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न : तुमची बंदी कशावर? टॉवरवर की चाळी आणि झोपडपट्ट्यांच्या पुनर्विकासावरही? वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून बीडीडीच्या २०७ चाळी. आपल्या चळवळीच्या कितीतरी सभा या चाळींच्या पटांगणात झाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन-तीन पिढ्या वाढल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घराच्या चाव्या मिळाल्या. सरसकट बंदी असती तर या चाव्या मिळाल्या असत्या का?

दुसरा प्रश्न : आज जे राहत आहेत त्यांना माणशी १३५ लिटर पाणी कधी देणार? नव्यांना रोखल्याने आपल्या नळाला आपोआप पाणी येत नाही. त्यासाठी जलवाहिनी टाकावी लागते, गळती थांबवावी लागते आणि वाटपाचे माप एक करावे लागते. मुंबईला पाणी देणाऱ्या शहापूर तालुक्यातील आदिवासी पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, त्यांचाही हिस्सा या हिशेबात धरला पाहिजे.

तिसरा प्रश्न : सार्वजनिक जमीन कोणाला देणार आणि उठवलेली माणसे कुठे ठेवणार? प्रकल्पग्रस्तांना माहुलच्या तेल-रसायनांच्या कारखान्यांशेजारी नेऊन टाकले. तिथली हवा इतकी वाईट की एप्रिल २०१९ मध्ये न्यायालयाने तिथल्या रहिवाशांना दुसरीकडे राहण्यासाठी दरमहा १५ हजार रुपये भाडे देण्याचा आदेश महापालिकेला दिला. २०२४ मध्ये राज्य सरकारने धारावी पुनर्विकासासाठी देवनार कचराभूमीची सुमारे १२४ एकर जमीन देण्याचे ठरवले. गावाबाहेर महारवाडा आणि शहराबाहेर कचऱ्याजवळची वसाहत, यांत फरक तो काय? शहराला मर्यादा घालणारा उमेदवार या प्रकारालाही मर्यादा घालणार आहे काय?

या तीन प्रश्नांची उत्तरे तोंडी घेऊ नका. रविवारच्या बुद्धवंदनेनंतर महिला मंडळाने आणि तरुणांनी एकत्र बसावे, उमेदवारांना विहारात बोलवावे आणि उत्तरे त्यांच्या सहीनिशी कागदावर घ्यावीत. तो कागद विहाराच्या फलकावर लावावा आणि पाच वर्षे तिथेच राहू द्यावा. पुढच्या निवडणुकीला हेच लोक पुन्हा दारात येतील, तेव्हा हिशेब काढायला आपल्याला दुसरी वही शोधावी लागणार नाही.

जय भीम!